जोडीने येणारे शब्द: इंग्रजी व्याकरणातील एका पाठाविषयी

स्मरणिकेत आठवणी असतात, अहवाल असतात, देणगीदारांची यादी असते. व्याकरणावरचा लेख सहसा नसतो. तरीही तो येथे द्यावा असे या शाळेत शिकून पुढे इंग्रजी शिकविण्याच्या कामाला लागलेल्या आम्हा काही जणांना वाटले. ज्या पाठाविषयी आम्हाला बोलावयाचे आहे, तो येथून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या वहीतून गेलेला आहे, आणि बहुतेकांच्या वहीतच राहिलेला आहे.

दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एखादे वाक्य द्यावयाचे आणि ते ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ वापरून पुन्हा लिहावयास सांगावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यासाठी वर्गात एक युक्ती सांगितली जाते: ‘अँड’ काढा, त्या जागी ‘बट ऑल्सो’ ठेवा, अलीकडे कुठेतरी ‘नॉट ओन्ली’ घाला. युक्ती लागू पडते, गुण मिळतो. पुढे तोच विद्यार्थी नोकरीचा अर्ज लिहितो तेव्हा ही रचना त्याच्या लेखणीतून उतरत नाही; उतरलीच, तर लंगडत उतरते. आमचे मत असे की दोष विद्यार्थ्याचा नाही. जो पाठ विचार करावयास शिकवू शकला असता, तो आपण एका गुणाच्या बदल्यात विकून टाकला. आणि तो पाठ मराठीच्या आधाराने शिकविला असता तर निम्मा वेळ लागला असता.

आधी नियम पाहू. इंग्रजीत काही उभयान्वयी अव्यये जोडीने येतात: ‘बोथ–अँड’, ‘आयदर–ऑर’, ‘नीदर–नॉर’, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’, ‘व्हेदर–ऑर’. जोडीतल्या पहिल्या शब्दापुढे ज्या जातीचा शब्द किंवा शब्दसमूह येईल, त्याच जातीचा दुसऱ्या शब्दापुढे यावा. तेथे नाम तर येथे नाम, तेथे क्रियापद तर येथे क्रियापद, तेथे पुरे वाक्य तर येथेही पुरे वाक्य. यालाच समांतर रचना म्हणतात. रेन आणि मार्टिन यांच्या ज्या व्याकरणावर आपल्या देशात कित्येक पिढ्या शिकल्या, त्यातही सांगितले आहे की जोडीतला प्रत्येक शब्द ज्याला जोडावयाचे त्याच्या अगदी अलीकडे ठेवावा. खेड्यातून आलेल्या मुलाला हे समजावयास जू पुरेसे आहे. जुवाचे एक टोक बैलाच्या मानेवर आणि दुसरे गाडीच्या चाकावर ठेवले तर गाडी जागची हलणार नाही.

आता नेहमीचे चुकीचे वाक्य घेऊ. ‘ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो इंग्लिश.’ पहिल्या शब्दापुढे ‘स्पीक्स’ हे क्रियापद आहे, दुसऱ्यापुढे ‘इंग्लिश’ हे नाम. जू वाकडे बसले. ‘ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो इंग्लिश’ असे लिहिले की दोन्हीकडे नाम आले. बोलताना पहिले वाक्य कानाला फारसे खटकत नाही, इंग्रज माणूसही ते सहज बोलून जातो, हे आम्ही नाकारीत नाही. लिहिताना मात्र प्रश्न उरतो: या माणसाचे विशेष काय आहे, तो दुसरी एक भाषा बोलतो हे, की बोलण्यावाचून आणखीही काही करतो हे?

आपली मुले येथे का अडखळतात? आमच्या मते त्याचे कारण इंग्रजीच्या अज्ञानात कमी आणि दोन भाषांच्या ठेवणीत जास्त आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तो मराठीच नव्हे, तर इंग्रजीही बोलतो.’ येथे जोडणीचे खरे काम ‘च’ आणि ‘ही’ ही दोन चिमुकली अव्यये करतात. ती शब्दाला मागून चिकटतात. ज्या शब्दाची जोडी लावावयाची, त्यालाच ती लागणार. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या हातून ती भलत्याच शब्दाला लागत नाहीत. अंगणवाडीतले पोरही ‘मलाच नाही, ताईलाही दे’ असे बिनचूक म्हणते. इंग्रजीत हे काम सुटे शब्द करतात, आणि ते पुढे उभे राहतात. सुटा शब्द वाक्यात कुठेही ठेवता येतो, म्हणून तो भलतीकडे पडतो. आपल्या मुलाला जोडी लावता येते. तिची खूण मागून पुढे कशी आणावयाची, एवढेच त्याला शिकवावयाचे असते.

म्हणून आम्ही वर्गात असे करतो. आधी वाक्य मराठीत म्हणावयाचे. ‘च’ आणि ‘ही’ कोणत्या शब्दांना लागले आहेत, त्यांखाली रेघ ओढावयाची. मग इंग्रजीत त्याच दोन शब्दांच्या अलीकडे ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ ठेवावयाचे. ‘चिटणिसांनी पावतीवरच नव्हे, तर ठरावावरही सही केली.’ रेघ पावती आणि ठराव यांखाली येते: ‘द सेक्रेटरी साइन्ड नॉट ओन्ली द रिसीट बट ऑल्सो द रेझोल्यूशन.’ आता दुसरे वाक्य: ‘ठरावावर चिटणिसांनीच नव्हे, तर अध्यक्षांनीही सही केली.’ रेघ माणसांखाली गेली: ‘नॉट ओन्ली द सेक्रेटरी बट ऑल्सो द प्रेसिडेंट साइन्ड द रेझोल्यूशन.’ पहिल्या वाक्यात सही केलेले कागद दोन आणि माणूस एक. दुसऱ्यात माणसे दोन आणि कागद एक. ज्यांनी एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीत काही वर्षे काढली आहेत, त्यांना या फरकाची किंमत आम्ही सांगावी असे नाही.

येथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. अलीकडे मराठी वृत्तपत्रांत आणि भाषणांत ‘न केवळ… तर’ ही रचना फार बोकाळली आहे. ‘त्यांनी न केवळ शाळा काढली तर वसतिगृहही.’ हे मराठी शब्दांत लिहिलेले परभाषेचे वाक्य आहे, आणि त्यात इंग्रजीतली चूकही जशीच्या तशी उतरली आहे: पहिल्या अंगाला क्रियापद आहे, दुसऱ्याला नाही. ‘त्यांनी शाळाच नव्हे, तर वसतिगृहही काढले’ असे म्हणावयास काय हरकत होती? मुलांच्या कानावर रोज पहिली रचना पडू लागली, तर रेघ ओढण्यासाठी ‘च’ राहणार नाही.

‘नीदर–नॉर’ची गोष्ट याहून वेगळी आहे. ‘दोघेही आले नाहीत’ हे मराठीत स्वच्छ वाक्य आहे. मुलगा त्याचे ‘बोथ डिड नॉट कम’ करतो. इंग्रजी वाचणारा घोटाळतो: दोघेही आले नाहीत, की दोघे मिळून आले नाहीत आणि एकटा कोणी आला? इंग्रजीला येथे ‘नीदर’ हवा असतो. मुलाला ‘नीदर’ दिला, की तो आतले ‘नॉट’ही सोडीत नाही आणि एका वाक्यात दोन नकार होतात. यावर उपाय पुन्हा मराठीतच आहे. आपल्याकडे ‘ना… ना…’ आहे. ‘ना भाकरी उरली, ना भात उरला.’ क्रियापद पाहा: ‘उरली’, ‘उरला’. नकार एकदा ‘ना’ने उचलला, की क्रियापद होकारार्थीच राहते. ‘नीदर’ मागतो तेही नेमके हेच. म्हणून ‘दोघेही आले नाहीत’चे आधी ‘ना राम आला, ना श्याम आला’ करून घ्यावे आणि मगच इंग्रजीकडे वळावे: ‘नीदर राम नॉर श्याम केम.’ मराठीने प्रत्येक कर्त्याला स्वतःचे क्रियापद दिले. इंग्रजीने दोघांत मिळून एकच ठेवले. त्यामुळे ते एकवचनी की अनेकवचनी, हा प्रश्न फक्त इंग्रजीत उठतो. तेथे जवळच्या कर्त्याचे ऐकावे, एवढा संकेत बहुतेक वेळी पुरतो.

‘जरी–तरी’ने मात्र आपल्याला दगा दिला आहे. ‘जरी तो गरीब आहे, तरी तो प्रामाणिक आहे’ या वळणावर मुले ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ असे लिहितात. मराठीला दोन्ही टोकांना खुंटी लागते, इंग्रजीला एकच पुरते. जुन्या व्याकरणांत ‘दो’बरोबर ‘येट’ चालत असे. ‘बट’ कधीच चालला नाही. एवढे सांगून पुढे जावे. (उदाहरणात गरीब आणि प्रामाणिक हेच दोन शब्द नेहमी का येतात, आणि त्यांच्यात ‘जरी–तरी’ का असावे, हाही प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे.)

‘नो सूनर… दॅन’ तर पाठ करून घेण्याची वस्तूच होऊन बसली आहे. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन.’ मुले ‘दॅन’च्या जागी ‘व्हेन’ लिहितात आणि शिक्षक लाल रेघ मारतात. ‘दॅन’ का, हे क्वचितच कोणी सांगतो. ‘सूनर’ हे ‘सून’चे तुलनेचे रूप आहे. ‘टॉलर’पुढे ‘दॅन’ येतो, म्हणून ‘सूनर’पुढेही ‘दॅन’. एक वाक्य पुरे होते! आणि आपल्याकडे ‘घंटा वाजते न वाजते तोच मुले धावली’ ही रचना आहे. एकच क्रियापद होकारात आणि नकारात शेजारी शेजारी उभे करून क्षणाचा अर्थ काढणारी इतकी सुरेख सोय असताना मुलांना ‘जसे की घंटा वाजली तसे’ असले भाषांतर का शिकवावे?

समांतर रचनेचा कान आपल्या मुलांना नाही, असे जे म्हणतात त्यांनी त्यांच्या आजीचे बोलणे ऐकलेले नाही. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’ ‘धरले तर चावते, सोडले तर पळते.’ ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.’ ‘असतील शिते तर जमतील भुते.’ शेवटच्या म्हणीत ‘जर’ नाहीच, नुसत्या ‘तर’वर ती उभी आहे, आणि तरीही दोन्ही बाजूंना क्रियापद पुढे व नाम मागे असा तोल कसा राखला आहे पाहा. या म्हणी घडविणाऱ्यांपैकी किती जणांना अक्षरओळख होती? ‘त्याला वाचणे आणि पोहायला आवडते’ हे वाक्य पाचवीच्या वर्गात म्हणून दाखवा, मुले हसतात. ‘ही लाइक्स रीडिंग अँड टू स्विम’ म्हटले तर त्यांतले एकही हसत नाही. दोन्ही वाक्यांत खोट एकच आहे. पहिली ऐकू येते, दुसरी येत नाही, कारण या दोन वाक्यांची गाठ आम्ही शिक्षकांनी घालून दिलेली नाही.

आपल्या शाळेतील मुलांजवळ आणखी एक ठेवा आहे. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या कानावर पाली पडते, आणि पालीत ‘यो… सो’, ‘यथा… तथा’, ‘याव… ताव’ या जोड्या जागोजागी आहेत. त्यांची मराठी भावंडे ‘जो–तो’ आणि ‘जसा–तसा’. ‘नेव… न’ म्हणजे थेट ‘नीदर–नॉर’. ध्यानाच्या वरच्या अवस्थांत ‘नेवसञ्ञानासञ्ञायतन’ हे एक नाव येते: जेथे संज्ञा आहे असेही नाही आणि नाही असेही नाही. लांबलचक म्हणून मुले या शब्दाला भितात. तो फोडून दाखविला, तर ‘नीदर–नॉर’ची जोडी एका शब्दात शिवलेली आढळते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अर्जावरील सूचनेत ‘बोथ’ आहे की ‘आयदर’, यावर दाखला एक जोडावयाचा की दोन हे ठरते, आणि त्यावर एखाद्याची शिष्यवृत्ती. हे झाले रोजच्या व्यवहाराचे. पण आमच्या मनात याहून मोठे उदाहरण आहे.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेली आपली राज्यघटना मुळात इंग्रजीत लिहिली गेली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड इंग्रजीतून, बोट ठेवून वाचावा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणे ओळीने दिली आहेत. सगळी नामे, एकही वाकडे नाही. त्यांच्यामागे, यांपैकी कोणतेही एक कारण पुरे, अशा अर्थाचे शब्द मुद्दाम जोडले आहेत. मग दोन पोटखंड येतात. एकात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांतला प्रवेश; दुसऱ्यात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा वापर. दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले आहेत, आणि म्हणून दोन्ही ‘प्रवेश’, ‘वापर’ अशा नामांनीच सुरू होतात. दोहोंच्या मध्ये ‘ऑर’ आहे. वाक्याच्या आरंभी नकार आणि मध्ये ‘ऑर’, म्हणजे यातल्या कशाच्याच बाबतीत अडवणूक चालणार नाही. तेथे ‘अँड’ असता, तर दुकानात येऊ दिले म्हणून विहिरीवर अडविले तरी चालते, असा युक्तिवाद करावयास कोणीतरी पुढे आलाच असता. पुढे, ही ठिकाणे सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेली असोत, असे म्हटले आहे. दोन क्रियाविशेषणे, मध्ये एक ‘ऑर’. एखाद्या तळ्याच्या नुसत्या घाटाच्या दुरुस्तीला सरकारी पैसा लागला असेल, तरी ते तळे या वाक्याच्या कक्षेत येते.

हे शब्द कोणत्या अनुभवातून आले असतील, ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला जे घडले, त्यानंतर चवदार तळ्याचा वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. तळे खाजगी की सार्वजनिक, हा त्या वादातला एक मुद्दा होता. पाण्याच्या ओंजळीसाठी ज्यांना दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्यांना ‘ऑर’ आणि ‘अँड’ यांतला फरक व्याकरणाच्या पुस्तकातून शिकावा लागला नसेल. आपल्या मुलांनी तो निदान पुस्तकातून तरी शिकावा, ही अपेक्षा जास्त नाही.

पालकांशी थोडे बोलावयाचे आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या पाट्या लागल्या आहेत. आपल्या समाजाने इंग्रजीचा ध्यास घेतला तो योग्यच. त्यात कोणाला कमीपणा दाखविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु घरी मुलाचे मराठी बोलणे बंद केले की इंग्रजी आपोआप येईल, ही समजूत आम्हाला वर्गात कधी खरी ठरलेली दिसली नाही. ज्याच्या तोंडी म्हणी आहेत, ज्याला ‘च’ कुठे लावावा हे न सांगता कळते, त्याला ‘नॉट ओन्ली’ची जागा दाखवावयास आम्हाला एक तास लागतो. ज्याचे मराठी अर्धवट सुटले आणि इंग्रजी अर्धवट धरले, त्याच्यासाठी आम्हाला खुंटीच सापडत नाही.

शाळेकडे आमचे मागणे लहान आहे. मराठीच्या तासाला मुले उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करतात: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, संकेतबोधक. घंटा होते, इंग्रजीचे शिक्षक येतात आणि तोच विषय जणू नवा म्हणून फळ्यावर लिहितात. आठवीच्या वर्गात वर्षातून एक आठवडा हे दोन तास सलग ठेवावेत आणि दोन्ही शिक्षकांनी वर्गात एकत्र उभे राहावे. पहिले दोन दिवस फळ्यावर इंग्रजी वाक्य नको. म्हणी लिहाव्यात, रेघा ओढाव्यात. तिसऱ्या दिवशी इंग्रजी आणावे, तेही पाठ्यपुस्तकातल्या राम-श्यामचे नव्हे.

त्यासाठी माजी विद्यार्थ्यांची मदत लागेल. आपल्यापैकी कोणी वकील आहेत, कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी तहसील कार्यालयात, कोणी परदेशी. रोज आपल्या हातून इंग्रजी कागद जातात: भाडेकरार, विम्याच्या अटी, औषधांवरील सूचना, निविदा, नेमणुकीची पत्रे. ज्यांत ‘आयदर’, ‘नीदर’, ‘बोथ’ किंवा नुसत्या ‘ऑर’वर काही अडले आहे, असे कागद नावे झाकून, छायाप्रत काढून पाठवावेत, आणि नेमके काय अडले ते दोन ओळींत मराठीत लिहावे. शाळेच्या पत्त्यावर, इंग्रजी विभागाच्या नावे. जूनच्या आधी हाती आले, तर पुढच्या आठवीला ते वापरता येतील.